कलिंगड मंडळाच्या चिटणीसबाईंना

टेमघर, भिवंडी
मंगळवार, ६ मार्च २००७

चि. मृणाली हिस अनेक आशीर्वाद,
आणि हुद्द्याने लिहायचं तर, कलिंगड मंडळाच्या चिटणीसबाईंना अध्यक्षांचा नमस्कार.

पडघ्याला कलिंगडं आली! काल सकाळी स्कूटर काढून मुद्दाम बघून आलो. नाक्याच्या पुढे रस्त्याच्या कडेने सहा पालं लागलीत. माल अजून लहान आहे, नारळाहून थोडा मोठा, पण फोडल्यावर रंग असा की बघत बसावं. मी तिथेच उभ्याने अर्धं खाल्लं. घरी आल्यावर तुझ्या आईने शर्टावरचे डाग बघितले आणि कुठे गेला होतात असं विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "किती आनली?"

सोबत पार्सल पाठवतोय. तीनबत्तीला एका दुकानात टांगलेली दिसली आणि माझे पायच हलेनात. छत्री आहे. बाहेरून हिरवी, गडद पट्ट्यांची. उघडून आत डोकं घातलं की लालभडक, आणि त्यावर काळ्या बिया छापलेल्या. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये तो बच्चों की है." मी म्हटलं, "मेरी बच्ची के लिए ही है." बच्ची सव्वीस वर्षांची आहे हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मंडळाची बाकीची मालमत्ता लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सुखरूप आहे. सगळं कलिंगडाचंच: केसांच्या दोन क्लिपा, मी रंगवलेला तो चेंडू, बंद पडलेलं घड्याळ, आणि ते खोडरबर. तिसरीत असताना वास घेता घेता तू त्याचा कोपरा खाल्ला होतास आणि तुझ्या आईने मला बोल लावला होता, पोरीला कसले नाद लावता म्हणून. नाद चांगला होता. मंडळात दोनच सभासद, एक अध्यक्ष आणि एक चिटणीस, त्यामुळे भांडणं कमी.

आता दुसरं. तुला पाचवा लागला असं आई सांगते. मला फार आनंद झाला, तो इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मी रागावणार आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्यात कोणाला सांगावं लागत नाही. सातव्यात आणायला यायचं, ओटी भरायची, मागची खोली रिकामी करायची. आणि तू म्हणे आईला फोनवर सांगितलंस, टेमघरला येणार नाही, तिथे बाबा आहेत. मग मी काय घर सोडून जाऊ?

पडघ्याचं तू अजून धरून बसली आहेस. येत्या मेमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हाच सांगितलं होतं, कारखान्यात शिफ्टचा माणूस आला नव्हता, कापडाचे लूम मलाच बघावे लागले, निघता आलं नाही. फोन उचलला नाही म्हणतेस, तर आठ लूमच्या आवाजात घरातला फोन कोणाला ऐकू येतो? तू बॅग घेऊन अकरापासून चारपर्यंत नाक्यावर बसलीस हे मला संध्याकाळी कळलं. सासरी भांडून निघालेल्या मुलीला त्याच दिवशी, त्याच दारात परत जावं लागलं, याचा अर्थ मला समजत नाही असं नको समजूस. नंतर तुमचं सगळं जुळलं, शाळेतली नोकरीही राहिली, ठीक झालं. पण शिफ्ट होती.

मी फोनवर येत नाही ही तुझी दुसरी तक्रार. मला फोन आवडत नाही. पत्रात माणूस नीट बोलतो.

छत्री पोचल्याचं आईला कळव.

तुझा
बाबा

ता. क. तुमच्या नाशिककडे टरबूज म्हणतात असं ऐकून आहे. तू म्हणत नसशील.


टेमघर
मंगळवार, २७ मार्च २००७

चिटणीसबाईंना सप्रेम नमस्कार.

छत्री पोचली! उन्हात ती घेऊन भाजी आणायला गेलीस आणि गल्लीतली दोन पोरं मागे लागली, हे आईने सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. तिला तीनदा सांगायला लावलं. मजा वाटली म्हणून.

मला तुझं उत्तर आलेलं नाही, पण छत्री परत आली नाही यावर मी सध्या समाधानी आहे.

इकडे हंगाम जोरात आहे. गावात हळद असो, साखरपुडा असो, कलिंगडं निवडायला बाळारामशेठ लागतातच. परवा मला दोन घरांत बोलावणं होतं. बोट वाकवून टिचकी मारायची, कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं धप्प, आणि उतरलेलं असेल तर नुसतं भस्स. सातवीत असताना हे तू एका दुपारी शिकलीस आणि पुढच्या हंगामात माझ्यापेक्षा बरी झालीस. कॉलेजातून सुट्टीला येताना पडघ्याला एसटीतून उतरलीस की आपण आधी पालावर जायचो, मग घरी, आठवतंय? निवडेल त्याला मधला तुकडा हा मंडळाचा नियम, आणि तू कॉलेजची तीन वर्षं मला मधला तुकडा लागू दिला नाहीस. मी तोंड वाकडं करायचो, पण आतून मला बरं वाटायचं.

कारखान्याचं म्हणशील तर मुस्तकीम हल्ली डोक्यावर बसलाय. चांगला कामगार, बारा वर्षं आपल्याकडे आहे, पण काल सगळ्यांसमोर धावत आला आणि दोन्ही हात हलवून म्हणतो, "सेठ, छह नंबर कब से चिल्ला रहा है, आपके पीछे ही तो है!" मी म्हटलं, चिल्लाने दे, उसकी आदत है. तरी त्याने जाऊन बंद केला. आडवा धागा नेणारा धोटा उडून बाहेर येण्याच्या बेतात होता, कोणाच्या तोंडावर बसला असता. मी तीस वर्षं लूम कानाने चालवले. पाठ करून उभा असलो तरी सांगायचो, चार नंबरचा धागा आता तुटणार. पण हल्ली स्पेअर पार्टच असे हलके येतात की आवाजच बदललाय.

घरीही तेच. भाविक म्हणतो, बाबा टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी येऊन सांगून गेले. मी मोठा लावत नाही. तो तुझा भाऊ आणि त्याची बायको तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यांना सगळंच मोठं वाटतं.

आईने बाळासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. मी म्हटलं, कलिंगडाची कर. काठ हिरवा, मध्ये लाल, आणि काळ्या टाक्यांच्या बिया. ती म्हणाली, "पोराला गोधडी पायजे का फलाची गाडी?" पण शिवतेय. कापड आपल्याच लूमवरचं आहे, मी रंगवून आणलं. लाल जरा जास्त झालाय, धुतल्यावर बसेल.

बाळ इथे येणार असेल तर गोधडी इथेच राहील. नसेल तर पोस्टाने पाठवावी लागेल. ती मला पोस्टाने पाठवायला लावू नकोस, मृणाली.

तुझा
बाबा


टेमघर
शुक्रवार, २० एप्रिल २००७

चिटणीसबाई,

मंडळाची अब्रू गेली.

वज्रेश्वरीच्या जत्रेला आम्ही जीप करून गेलो होतो, गावातली दहा-बारा माणसं. देवीचं दर्शन झालं, कुंडावर पाय बुडवून झाले, आणि परतताना रस्त्याला एका बाईकडे कलिंगडांचे दोन ढीग दिसले. सगळे म्हणाले, बाळारामशेठ, तुम्ही निवडा. मी पुढे झालो. सगळे मागे अर्धगोल करून उभे. मी ठोकून ठोकून सात काढली आणि जीपमध्ये भरली.

सातच्या सात पांढरी निघाली. दुधी भोपळा त्याहून बरा. दुसरं फोडलं तेव्हा कोणीतरी खोकलं, चौथ्याला मात्र सगळे हसत सुटले, आणि तुझी आई सर्वांत जास्त. मी म्हटलं, हायब्रिड बियाणं आहे, आवाज फसवतो. पुढच्या आठवड्यात जाऊन त्या बाईशी भांडणार आहे.

हे सगळं तुला विनोद म्हणून लिहायला बसलो होतो. पण काल तुझा फोन झाल्यावर आई हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "ती इचारते, शुक्रवारी कुठली शिफ्ट?"

मी उठून कारखान्यात गेलो आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात हे तुला कळायला लागल्यापासून माहीत आहे. लहानपणी शुक्रवारीच तर आपण पडघ्याला जायचो. तू नाक्यावर बसलीस तो तेरा मे शुक्रवार होता, हे मी थाप मारताना विसरलो, आणि पुढे दोन वर्षं तीच थाप सगळ्यांना सांगत राहिलो. तू मात्र त्याच दिवशी ओळखलं असशील. म्हणजे दोन वर्षं तुला माहीत होतं की माझा बाप खोटं बोलतोय, आणि तू कोणाला बोलली नाहीस.

आज एवढंच लिहवतं.

बाबा


टेमघर
मंगळवार, १ मे २००७

मृणाली,

आज मंडळ वगैरे काही नाही.

त्या जत्रेतल्या बाईकडे भांडायला गेलो होतो. सोमी तिचं नाव. डोंगराकडच्या पाड्यातली आहे, भात निघालं की तानसा नदीच्या काठाला वेल लावते आणि वज्रेश्वरीच्या रस्त्याला माल घेऊन बसते. माझ्याच वयाची असेल, आणि तोंडाने माझ्याहून तिखट. मी म्हटलं, कच्चा माल गळ्यात मारलास, सात फळं पांढरी निघाली. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग जी सुटली!

"तुला तीनदा वरडून सांगितला, तो ढीग घेव नको, तो भाजीचा हाय! डुकरांनी वेल तोडलं, म्हून कच्ची फलां काढून बाजूला ठेवलेली. तू आपला ठोकतोस न् मान डोलवतोस, ठोकतोस न् मान डोलवतोस. मी म्हटला, जाव दे, याला कच्चीच पायजेत."

मला तो दिवस आठवला. ती हात हलवून काहीतरी सांगत होती आणि मला वाटलं, माल गोड आहे म्हणतेय. मी हसून "हो, हो" केलं होतं. मागे उभे असलेल्यांनीही तिचं ऐकलं असणार. पण बाळारामशेठ ठोकून घेतायत म्हटल्यावर मध्ये कोण बोलतंय?

मी हार मानली नाही. चांगल्या ढिगातलं एक उचललं आणि तिला दाखवायला ठोकलं. काही कळेना म्हणून आणखी जोरात ठोकलं. तिने माझं मनगटच धरलं. "फोडशील ना रं! किती मारतोस त्याला?" मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "कान गेलं ना तुझं?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो.

"मंग सांगायचा ना. त्यात काय चोरी हाय?" एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. इथे मी जन्मात पहिल्यांदा कबूल केलं होतं आणि ती सुटे मोजत होती. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, तिचा बाप पण बहिरा होता, तो हाताने बघायचा. माझा डावा पंजा तिने फळाखाली लावला आणि उजव्या हाताने हलकी टिचकी मारायला लावली. पिकलेलं फळ खालच्या पंजात थरथरतं. कच्चं मख्ख राहतं. मी तिथे बसून तासभर तिचं अर्धं दुकान उलटंपालटं केलं. तिने मला चार शिव्या दिल्या, त्या मी तिच्या ओठांवर वाचल्या. घरी आणलेली तिन्ही लाल निघाली, मृणाली, आणि काय गोड! मला इतका आनंद झाला की तो सांगायला तू हवी होतीस, आणि त्याच पायी मला रडू आलं.

तर खरं काय ते लिहितो.

मला ऐकू येत नाही. डावा कान जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील, उजवा त्याच्या मागोमाग चाललाय. तीस वर्षं लूमच्या मधोमध उभा राहिलो, कानात कापूस घातला नाही. कोण घालतं? कारखान्यात सगळेच हातवारे करतात आणि ओठ वाचतात, त्यामुळे माझं निभावून गेलं. घरी मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. तुझ्या आईचा तर समज झालाय की म्हातारपणी नवऱ्याला तिचं तोंड आवडायला लागलं. पण फोनला ओठ नसतात.

वीज गेली, लूम थांबले, सगळे बाहेर जाऊन चहा पितात, आणि माझ्या डोक्यात लूम चालूच. पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं, सगळ्यांचंच असं होत असेल.

तेरा मेला मी घरी एकटा होतो. आई आणि भाविक कल्याणला लग्नाला गेले होते. फोन आला हे मला कळलं, कारण मी नेमका त्याच्यासमोर उभा होतो आणि त्याचा लाल दिवा लागला. उचलला. बाईमाणसाचा आवाज आहे आणि "बाबा" म्हणतेय एवढं समजलं, म्हणजे तू. पुढे नुसती गुणगुण. मी म्हणायला हवं होतं, पोरी, थांब, मला कळत नाही, शेजारच्या कोणाला तरी बोलावतो. ते न म्हणता मी सगळ्यांना म्हणतो तेच म्हणालो, "बरं बरं, हो हो," आणि ठेवून दिला. मला वाटलं, सहज खुशाली विचारलीस. मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

नंतर पडघ्याच्या बूथवरून तू तीनदा फोन केलास, हे आईने मागाहून सांगितलं. मी कारखान्यात नव्हतो. मी त्याच खोलीत, फोनपासून चार हातांवर, कॉटवर पडलो होतो. झोपलो नव्हतो. छताकडे बघत होतो. फोन वाजला असेल, थांबला असेल, पुन्हा वाजला असेल. तुला पलीकडे घंटा ऐकू जात होती आणि मला इकडे नाही.

संध्याकाळी आईला तुझा फोन आला, तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण टिचकीवर फळ ओळखणारा बाळारामशेठ ठार बहिरा, हे गावात झालं असतं. भाविकने दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या किल्ल्या मागितल्या असत्या. म्हणून मी शिफ्टची थाप मारली. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मला दगड म्हणवून घेणं सोपं वाटलं, आणि ती सगळी किंमत तुला मोजायला लावली. मला लाज वाटते.

तू रागाव. मी थांबवत नाही. फक्त जे खरं घडलं त्यावर रागाव. बापाला मी नकोशी झाले होते म्हणून तो आला नाही, असं जर तू दोन वर्षं मनात धरलं असशील, तर ते आधी काढून टाक. तू तिथे बसली आहेस हे मला कळलं असतं, तर मी अनवाणी आलो असतो.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. तिला आणि भाविकला मी स्वतः सांगेन. अजून धीर झालेला नाही.

बाबा


टेमघर
रविवार, २० मे २००७

प्रिय मृणाली,

कलिंगडं संपत आली. सोमीकडचं शेवटचं एक आणून मोरीत पाण्याच्या घमेल्यात ठेवलंय. तिने विचारलं, कुणाला सांगितलास का? मी म्हटलं, मुलीला लिहिलं. ती म्हणाली, "लिवला म्हंजे अर्धाच सांगितला." तिला माझा हिशोब मान्य नाही.

काल तुझा फोन आला तेव्हा घरात सगळे होते. भाविक, त्याची बायको, आणि मुस्तकीम कारखान्याच्या किल्ल्या द्यायला येऊन दारात उभा होता. आई तुझ्याशी बोलत होती. बोलता बोलता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि फोन पुढे केला. "अवो, तुमच्याशी बोलाचा म्हनते."

एरवी मी हाताने नको म्हटलं असतं आणि मोरीकडे गेलो असतो. काल घेतला. कानाला लावला आणि मोठ्याने म्हणालो, फारच मोठ्याने असेन, कारण भाविकची बायको दचकली, "मृणाली, मला काही ऐकू येत नाही. मी बहिरा झालोय. पण तू बोल."

भाविक जमिनीकडे बघत राहिला. मुस्तकीमने मात्र मान हलवली आणि मला दिसेल असं सावकाश म्हणाला, "सेठ, हम सबको चार साल से पता है." चार साल! सगळ्या कारखान्याला माहीत होतं. सहा नंबर ओरडायला लागला की ते माझ्या डोळ्यांसमोर येऊन हात हलवायचे, आणि मी त्यांना उद्धट म्हणायचो. ज्याच्यापायी मी तुला पडघ्याला बसवून ठेवलं, ते कोणापासूनच लपलेलं नव्हतं. भाविकने किल्ल्या घेतल्या आणि माझ्याच खिशात टाकल्या, आणि संध्याकाळी ठाण्याला जाऊन कानाच्या डॉक्टरकडे सात जूनची वेळ घेऊन आला.

तर तू बोललीस. समोरच्या घड्याळात मी बघत होतो, अकरा मिनिटं. मी फोन तसाच धरून बसलो. मधूनमधून काहीतरी हुंकारावं असं सवयीने तोंडात यायचं, ते गिळलं. शेवटी आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः थोडं ऐकलं आणि ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती हसतही होती, त्यामुळे मला काहीच अंदाज बांधता आला नाही.

ती सांगायला लागली. मी डोळे मिटून घेतले.

दोन वर्षं तुझं सगळं मला आईच्या तोंडून कळलं. कालचं तू मला सांगितलंस. ते मला तुझ्याकडूनच हवं आहे. मी तिला तसं बजावलंय, आणि तीही आता तोंडावर पदर धरून घरात फिरते, माझी फजिती बघत. तू येतेस की नाही हेही त्या अकरा मिनिटांत असेल, म्हणून मी कोणाला विचारलेलं नाही. आज सकाळी आईने मागची खोली झाडली, पण ती खोली दर रविवारी झाडली जाते, म्हणून मी त्यावरून काही ठरवलेलं नाही.

तेव्हा सगळं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. शिव्या दिल्या असशील तर त्याही लिही. रडली असशील तर कुठल्या वाक्याला, तेही.

आणि जमेल तर त्या शुक्रवारचंही लिही, सकाळच्या पहिल्या फोनचं. दोन वर्षं मी त्या फोनबद्दल खोटं बोलत आलो, पण तू मला तेव्हा काय म्हणाली होतीस, ते मला अजून माहीत नाही.

तुझा
बाबा